पेवातील हळद आणि पेशीतील हळद

अलीकडे औषध-उत्पादकांकडून वैद्यांकडे येणाऱ्या माहितीपत्रकांत एक शब्द हटकून आढळतो : अँटिऑक्सिडंट. आवळा अँटिऑक्सिडंट, गुडूची अँटिऑक्सिडंट, यष्टिमधु अँटिऑक्सिडंट. आणि हळद तर या सर्वांची अग्रणी. रुग्णही आता हा शब्द सहज उच्चारतात. हळदीच्या सत्त्वाच्या कॅप्सूलची बाटली टेबलावर ठेवून 'ही चालू ठेवू का?' असे विचारणारे रुग्ण आपणांपैकी प्रत्येकाकडे येत असतील. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील वैद्यांना तर या प्रश्नाचे उत्तर टाळता येत नाही. वाई-कोरेगावपासून कृष्णेच्या काठाने वाळवा-मिरजेपर्यंत हळद पिकते, सांगलीच्या बाजारात तिचे सौदे होतात आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. ज्यांच्या अंगणात हे द्रव्य आहे त्यांना त्याविषयी नीट बोलता यावयास हवे, या भूमिकेतून हा लेख आम्ही लिहीत आहोत.

प्रारंभ प्रयोगशाळेतून न करता हरिपूरहून करू. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरील या गावी हळद साठविण्याची पेवे आहेत. अरुंद तोंडाचा, आत रुंदावत जाणारा, वीस-पंचवीस फूट खोल असा हा मातीतील रांजणच म्हणावा. त्यात हळद भरून तोंड मातीने लिंपून टाकले की आत ना प्रकाश ना वारा. कोंडलेल्या हवेतील प्राणवायू हळूहळू संपतो, कर्बवायू वाढतो आणि भुंगेऱ्यासारख्या किडीला जगणे अशक्य होते. त्यामुळे हळद वर्षानुवर्षे टिकते, असा तेथील अनुभव आहे. पेव उघडल्यावर मात्र लगेच आत उतरत नाहीत. काही तास तोंड मोकळे ठेवतात, दिवा सोडून पाहतात; दिवा विझला तर माणसानेही उतरावयाचे नाही. ऑक्सिडीकरण म्हणजे काय, हे समजावून देण्यास याहून उत्तम वर्ग सापडणार नाही. ज्या प्राणवायूवाचून दिवा जळत नाही व माणूस जगत नाही, त्याच प्राणवायूपासून हळदीला दूर ठेवावे लागते. २००५ च्या महापुरात या पेवांची मोठी हानी झाली आणि साठवण बव्हंशी गोदामांकडे व शीतगृहांकडे वळली, हा आपल्या भागाचा तोटाच होय.

हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते कुर्कुमिन. १८१५ साली ते प्रथम वेगळे करण्यात आले, तर १९१० साली त्याची रचना निश्चित झाली. जात आणि जमीन यांनुसार हळदीत ते साधारण दोन ते सहा टक्के असते. त्याचा स्वभाव आपल्या घरातील स्त्रियांना रसायनशास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. धोतरावर पडलेला हळदीचा डाग साबण लावताच तांबडा होतो आणि धुऊन उन्हात वाळत घातला की फिका होत होत उडून जातो. साबणाचा क्षार, चुना वा टंकण यांच्या संयोगाने हळदीला येणारा तांबडेपणा म्हणजेच आपले पारंपरिक कुंकू. या दोन्ही गोष्टींचा अर्थ एकच, की कुर्कुमिन हा अत्यंत चंचल रेणू आहे. आम्लात तो स्थिर राहतो, क्षारात बदलतो आणि प्रकाश व प्राणवायू यांच्या सान्निध्यात मोडतो. ही चंचलता पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे. वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

आता 'ऑक्सिडीकरण म्हणजे नाश' या समजुतीविषयी. रसशास्त्र शिकलेल्या वैद्याने तरी तिला बळी पडू नये. लोहभस्म म्हणजे काय? शोधन, मारण आणि अनेक पुटे यांतून गेलेले, पूर्णपणे ऑक्सिडीकृत झालेले लोह. क्ष-किरण विवर्तनाने पाहिले असता त्यात मुख्यत्वे लोहाची ऑक्साइडे आढळतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवरील जांभा दगड ज्यामुळे लाल दिसतो त्याच घराण्यातील ही संयुगे. फरक कणांच्या सूक्ष्मतेचा आणि संस्कारांचा. भस्माच्या अपुनर्भव परीक्षेत आपण गूळ, गुंजा, तूप, मध व टंकण या मित्रपंचकासह भस्म तापवतो आणि धातू परत प्रकट होतो का ते पाहतो. शालेय पुस्तकांतील 'क्षपण', म्हणजे ऑक्सिजन काढून घेण्याची क्रिया, ती हीच. गूळ व तूप जळताना ऑक्सिजन ओढून घेऊ पाहतात. तरीही धातू मोकळा झाला नाही तर मारण पूर्ण झाले असे आपण म्हणतो. तेव्हा आपल्या शास्त्रात ऑक्सिडीकरण हे काही ठिकाणी विकृती तर काही ठिकाणी संस्कार आहे. शार्ङ्गधराने चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते असे सांगितले, परंतु आसव, धातू व रस मात्र जुने झाल्याने गुणवान होतात असे म्हटले. यामागील एक कारण इतके साधे असू शकते की, चूर्णातील द्रव्यांना हवेशी अजून पुष्कळ व्यवहार करावयाचा असतो, भस्माचा तो व्यवहार अग्नीतच पुरा झालेला असतो.

शरीरातही असेच आहे. आपण घेतलेला प्राणवायू पेशीतील तंतुकणिकांत पोहोचतो आणि अन्नाचे ऑक्सिडीकरण होते. त्यातून निघणारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने एकदम उधळली न जाता टप्प्याटप्प्याने पकडली जाते आणि एडीपी नामक रेणूला एक फॉस्फेट जोडून एटीपी तयार होते. यालाच ऑक्सिडीकारक फॉस्फरिलीकरण म्हणतात. पटलाच्या दोन बाजूंस प्रोटॉनांचा जो चढउतार निर्माण होतो त्यावर ही चक्की चालते, असे पीटर मिचेल यांनी मांडले. प्रारंभी बराच विरोध झाला, पण १९७८ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. प्रौढ मनुष्य एका दिवसात कित्येक किलो एटीपी घडवतो आणि मोडतो. या व्यवहारात काही इलेक्ट्रॉन वाट चुकून प्राणवायूला जाऊन मिळतात व उपद्रवी रेणू निर्माण होतात. अँटिऑक्सिडंट या शब्दाचा सारा डोलारा या उपद्रवी रेणूंवर उभा आहे. परंतु त्याच रेणूंचा उपयोग आपल्या श्वेतपेशी जंतूंना मारण्यासाठी करतात, हे माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

फॉस्फेट जोडण्याचे दुसरे काम ऊर्जेचे नसून आज्ञेचे आहे. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५५ च्या सुमारास अमेरिकेतील सिएटल येथे सशाच्या स्नायूतील फॉस्फोरिलेज या विकराचा अभ्यास करताना पाहिले की, त्याला एक फॉस्फेट जोडला की तो जागा होतो आणि काढला की झोपी जातो. जणू घरातील विजेचे बटण. हा फॉस्फेट जोडणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात आणि मानवी पेशीत असे पाचशेहून अधिक कायनेज आहेत. पेशीने वाढावे की थांबावे, शोथ उत्पन्न करावा की शमवावा, याचे निर्णय या बटणांवर अवलंबून असतात. फिशर व क्रेब्ज यांना १९९२ साली नोबेल मिळाले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, त्यांच्याच त्या फॉस्फोरिलेजला जागे करणाऱ्या कायनेजला कुर्कुमिन रोखते असा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हळद आणि फॉस्फरिलीकरण यांची गाठ अशी पडली.

याहून अधिक गाजले ते शोथाचे बटण. १९८६ साली शोधला गेलेला एनएफ-कप्पा-बी हा प्रथिनसमूह पेशीच्या द्रवात एका रोधक प्रथिनाने बांधलेला असतो. आघात वा संसर्ग झाला की आयकेके नावाचा कायनेज त्या रोधकाला फॉस्फेट जोडतो. रोधक नष्ट होतो, बांधलेले प्रथिन सुटून पेशीकेंद्रात शिरते आणि शोथास कारणीभूत होणारी जनुके कार्यरत होतात. कुर्कुमिन ही साखळी तोडते, असे १९९५ साली दाखविण्यात आले. योगायोग असा, की त्याच वर्षी जखमेवर हळद लावण्याचे एकस्व अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक अनुसंधान परिषदेने ग्रंथांतील पुरावे देऊन ते १९९७ साली रद्द करून घेतले. तो लढा ग्रंथांच्या आधारे जिंकता आला. हळद पेशीत काय करते हा प्रश्न मात्र ग्रंथ दाखवून सुटणारा नाही, तेथे वेगळ्या प्रतीचे प्रमाण लागते.

येथे आम्ही वाचकांना मघाच्या धोतरावरील डागाकडे परत नेऊ इच्छितो. १९९७ सालीच असे आढळले की, रक्ताइतक्या अल्प क्षारीय द्रवात, शरीराच्या तापमानास, कुर्कुमिन अर्ध्या तासात सुमारे नव्वद टक्के मोडते. पेशींवर दिवसभर प्रयोग करणाऱ्या संशोधकांच्या बशीत मग उरत काय होते? पुढे स्पष्ट झाले की हे मोडणे मुख्यतः ऑक्सिडीकरणच आहे. प्राणवायू कुर्कुमिनच्या रेणूत शिरतो आणि नवी संयुगे घडतात. आणि २०१७ साली अमेरिकेतील व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांनी एक चमत्कारिक वाटणारा निष्कर्ष मांडला. त्यांनी कुर्कुमिनसारखेच, परंतु कमी-अधिक सहजतेने ऑक्सिडीकृत होणारे रेणू बनवून पेशींवर तपासले. जे सहज ऑक्सिडीकृत होत ते शोथाचे बटण अधिक प्रभावीपणे रोखत. ज्यांचे ऑक्सिडीकरण होऊ शकत नसे ते निष्प्रभ ठरत. म्हणजे आयकेकेला जाऊन चिकटते आणि त्याचे फॉस्फरिलीकरणाचे कार्य थांबवते ते मूळ कुर्कुमिन नसून त्याच्या ऑक्सिडीकरणातून निर्माण झालेले क्षणजीवी, तीव्र द्रव्य होय. ज्याला आपण ऑक्सिडीकरणाचा शत्रू म्हणून विकतो, ते स्वतः ऑक्सिडीकृत झाल्यावाचून आपले काम करीत नाही.

हे वाचून काही वैद्यमित्रांना 'आमच्या ऋषींना हे ठाऊकच होते' असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरावा, अशी नम्र विनंती. चरकाने हरिद्रेला लेखनीय, कुष्ठघ्न व विषघ्न गणांत स्थान दिले ते रुग्णांच्या निरीक्षणातून. वाग्भटाने प्रमेहात आमलकीसह हरिद्रेला अग्रस्थान दिले तेही तसेच. त्यांना फॉस्फेटची गरज पडली नाही आणि त्यांचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी आपणासही पडू नये. मात्र एक गोष्ट आपल्या विचारपद्धतीला परिचित आहे : द्रव्य मुखात असते तेव्हा जे असते तेच शरीरात राहत नाही, अग्निसंयोगाने त्याचे परिणमन होते आणि कर्म त्या परिणत द्रव्याचे असते. विपाकाचा विचार शिकलेल्या वैद्याला २०१७ चा तो निष्कर्ष परका वाटू नये, इतकेच.

त्याच वर्षी औषधी रसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी कुर्कुमिनविषयी एक कठोर आढावा प्रसिद्ध केला. हा रेणू स्वतः प्रकाश शोषतो व सोडतो, प्रथिनांना वाटेल तसा चिकटतो, पटले विस्कळीत करतो. त्यामुळे प्रयोगशाळेतील अनेक चाचण्यांत तो 'परिणामकारक' असल्याचा आभास निर्माण करतो, असे त्यांचे म्हणणे. हे आक्षेप हळदीच्या द्वेषातून आलेले नाहीत. हळदीवर विपुल लिहिणाऱ्या अमेरिकेतील एका संशोधकाचे सात शोधनिबंध एका नियतकालिकाने २०१६ मध्ये एकदम मागे घेतले, हेही आपण विसरू नये. अशा निबंधांतील वाक्ये आजही माहितीपत्रकांत जशीच्या तशी फिरत असतात आणि आपण ती रुग्णांना ऐकवतो.

रुग्णापर्यंत येताना आणखी एक अडथळा असतो. कुर्कुमिन आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि शोषलेले यकृत लगोलग बांधून टाकते. १९९८ साली बंगळूर येथील संशोधकांनी दोन ग्रॅम कुर्कुमिनबरोबर मिऱ्यातील वीस मिलिग्रॅम पायपरिन दिले तेव्हा रक्तातील त्याची उपलब्धता वीस पटींनी वाढल्याचे आढळले. मिरी वा पिंपळीची जोड देण्याची आपली परिपाठी पाहता हा निष्कर्ष आनंद देणारा आहे. पण बाजाराने त्यातून काढलेला अर्थ निराळा : जितके अधिक सत्त्व आणि जितके अधिक पायपरिन, तितके उत्तम. पायपरिन यकृताची ती बांधणीच मंदावते, आणि यकृत केवळ कुर्कुमिनच बांधत नाही, रुग्णाची अन्य औषधेही तेच हाताळत असते.

अनुकूल पुरावा नाही असे मुळीच नाही. थायलंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २४० व्यक्तींना नऊ महिने हळदीचे सत्त्व वा निष्क्रिय गोळी देण्यात आली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी १६.४ टक्के लोकांना मधुमेह झाला. सत्त्व घेणाऱ्यांत एकालाही नाही. निशा-आमलकी देणाऱ्या वैद्याने हा अभ्यास अवश्य वाचावा. २०२३ मध्ये त्याच देशातील दुसऱ्या अभ्यासात अग्निमांद्यासारख्या लक्षणांत, म्हणजे कारण न सापडणाऱ्या अपचनात, कुर्कुमिन ओमेप्राझोलच्या बरोबरीने उतरले. याउलट कॅनडातील ६०६ रुग्णांच्या २०१८ मधील अभ्यासात उदरातील महारोहिणीच्या शस्त्रकर्माच्या सुमारास दिलेल्या कुर्कुमिनने लाभ तर झाला नाहीच. वृक्कांना तीव्र इजा होण्याचे प्रमाण दहावरून सतरा टक्क्यांवर गेले. शस्त्रकर्म ठरलेल्या रुग्णाला हे सत्त्व थांबविण्यास सांगणे म्हणूनच आवश्यक आहे.

यकृताची गोष्ट अधिक गंभीर. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदजाळ्यात २००४ ते २०२२ या काळात हळदीच्या उत्पादनांमुळे यकृतास इजा झालेले दहा रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी पाच रुग्णालयात दाखल झाले, एक दगावला. दहांपैकी सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक चिन्ह आढळले. म्हणजे काही प्रकृतींनाच हे बाधते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णांविषयी न्यूझीलंडच्या औषध-नियामकाने २०१८ मध्ये सावधगिरीची सूचना दिली आहे. दहा हा आकडा लहान आहे हे खरे, पण त्या दहांतील एक आपल्या ओळखीचा असता तर तो लहान वाटला नसता.

येथे थोडे गणित करावे. थायलंडच्या त्या मधुमेहाच्या अभ्यासातील दैनिक मात्रा होती दीड ग्रॅम. हळदीत पाच टक्के कुर्कुमिन धरले तर तेवढ्यासाठी दररोज तीस ग्रॅम हळद लागेल. आपण चूर्ण देतो एक ते तीन ग्रॅम. ही दोन औषधे एक नव्हेत. एकाच्या अभ्यासाने दुसऱ्याचे समर्थन होत नाही आणि एकाच्या दोषाने दुसरे दूषितही ठरत नाही. आपले चूर्ण, आपला हरिद्राखंड यांत सत्त्वाबरोबर सुगंधी तेल आहे, पिष्ट आहे, तूप-दुधाचे अनुपान आहे. म्हणून 'ही बाटली चालू ठेवू का?' या प्रश्नाला आम्ही प्रथम प्रतिप्रश्न करतो : अन्य कोणती औषधे चालू आहेत, कावीळ पूर्वी झाली होती का, मूत्राचा वर्ण कसा आहे. अर्बुदाचा रुग्ण असेल तर तज्ज्ञांनी सांगितलेली चिकित्सा सोडून या बाटलीवर तो विसंबला नाही ना, हे तर आधी पाहतो. बाटली बहुधा बंद होते. शीतपित्ताचा वा प्रमेहाचा रुग्ण असेल तर तिच्या जागी हळद येते, पण आमच्या मात्रेत.

आणि ती हळद कोठून घ्यावी? दक्षिण आशियातील अनेक शहरांतील नमुन्यांच्या २०२४ मधील पाहणीत पाटणा व गुवाहाटी येथील काही हळदीत शिशाचे प्रमाण अतिशय अधिक आढळले. कारण लेड क्रोमेट. पॉलिशच्या वेळी हळकुंडांना झळाळी यावी म्हणून वापरला जाणारा हा पिवळा रंग शिसे तर देतोच, त्यातील क्रोमियमही तीव्र ऑक्सिडीकारक रूपात असते. प्रतिऑक्सिडीकारक म्हणून घेतलेल्या चूर्णात ऑक्सिडीकारक विष! हायड्रोक्लोरिक आम्लाने मेटॅनिल यलो ओळखता येतो, लेड क्रोमेट त्या परीक्षेत सापडत नाही. शिशाची मर्यादा दहा लक्षांश आहे. तिचे प्रमाणपत्र प्रत्येक खरेदीबरोबर मागावे. आपल्या भागात शेतकऱ्याकडून थेट, पॉलिश न केलेले हळकुंड मिळू शकते, ही सोय महानगरातील वैद्याला नाही.

आम्ही हळद अखंड घेतो. शिजवून वाळविलेल्या हळकुंडाच्या कठीण, काचेसारख्या गाभ्यात कुर्कुमिन हवेपासून झाकलेले असते. एकदा दळले की त्याचा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि हवा व उजेड यांना मोकळे रान मिळते. पारदर्शक बरणीत काऊंटरवर मांडलेले हरिद्राचूर्ण दिसते सुंदर, परंतु त्याची स्थिती उन्हात वाळत घातलेल्या त्या धोतराहून फार वेगळी नसते. महिन्यापुरतेच दळावे, गडद रंगाच्या व घट्ट झाकणाच्या बरणीत काठोकाठ भरावे, बरणीवर दळल्याचा दिनांक लिहावा आणि शार्ङ्गधराचे दोन महिने संपले की उरलेले चूर्ण औषधातून काढून टाकावे. हळकुंडांचे पोते मात्र अंधाऱ्या, कोरड्या खोलीत पुढल्या हंगामापर्यंत निश्चिंतपणे राहते.